दहा टक्के सवलत

नारायण पेठेत, स्कूटरच्या गॅरेजखाली
माझी खोली आहे. तासाला तीनशे.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, ब्याण्णव साली स्वतः चिकटवलेले.
तेव्हा वाटायचं, आवाज बाहेर पडला
तर शहर जागेवर राहणार नाही.
राहिलं.
वरच्या गॅरेजवाल्या तांबटांनी एकदाच विचारलं,
"तुमची एकच गाडी आहे का हो?
रोज तीच चालू करता."

दारावर पाटी आहे, माझ्याच अक्षरात:
'१९८० नंतरचे काहीही वाजवल्यास
दहा टक्के सवलत.'
आजवर कुणी मागितलेली नाही.
पोरं येतात, इंजिनिअरिंगची, कोवळ्या दाढीची,
टी-शर्टवर मेलेल्या माणसांचे चेहरे,
आणि स्वच्छ वाजवतात
माझ्या मुंजीच्या आधीचं बंड.
एक सूर चुकत नाही.
तेवढंच चुकतं.

मी पायरीवर चहा घेऊन बसतो.
बाकीचे कुठल्या कुठे गेले.
नदीपात्रात ढोलपथकं दर जुलैला
जुन्या ठेक्याच्या पोटातून नवा काढतात.
येरवड्याची पोरं फोनवर रॅप रचतात,
शिवीसुद्धा मात्रेत बसवलेली,
मला दोनदा ऐकावं लागतं.
डीजेच्या बासने फरसाणवाल्याच्या बरण्या थरथरल्या
तर ती थरथरही कुणीतरी उचलली,
पुढच्या वर्षी तिच्यावर लोक नाचत होते.
आम्ही आपले ई मायनरवर.
किक मारतो, गाडी धुगधुगते,
स्टँडवरच.

मार्चमध्ये सुमेध जोगदंड आला. पाठीवर लॅपटॉप, गिटार नाही.
"तासाचे पैसे देतो काका, वाजवायचं काही नाही.
तो जुना अँप नुसता चालू करा."
केला. घूं सुरू झाली.
इमारतीचं अर्थिंग कच्चं,
महावितरणची वीज सरळ स्पीकरमधून गुणगुणते.
तीस वर्षं भांडलोय मी या घूंशी.
वायरी बदलल्या, तांब्याची पट्टी पुरली,
कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये
काहीबाही बोलत राहिलो, ती झाकायला.
तो डोळे मिटून तीच भरून घेत होता.
अकरा मिनिटं.
"एखादी रिफ देऊ का?" मी विचारलं.
"नको," म्हणाला, "ते सगळ्यांकडे आहे."

खोटं कशाला सांगू, त्या रात्री जेवण गेलं नाही.
पहाटे वेताळ टेकडीवर गेलो, खाणीपाशी.
रॉक म्हणजे खडक, हा विनोद
आम्ही कॉलेजातच शिळा करून ठेवला होता.
पण इथला खडक वाहिलेला आहे,
लालबुंद, कुणाला न विचारता, शेकडो मैल.
मग थांबला. थांबला म्हणून तर त्याच्यावर
हे शहर दुपारी झोपू शकतं.
काळ्या कातळात बुडबुडे राहिलेत,
वाहताना कोंडलेली हवा.
एकात बोट घातलं. आत बारीक, पांढरं काहीतरी
टोचलं.
हे वाहताना उगवलेलं नाही.

गुरुवारी लाइट गेली, गुरुवारी जाते तशी.
खाली चौघांचं गाणं मध्यातच मोडलं.
ड्रमवरची इरावती थांबली नाही, अंधारात
काठ्या कधी कातड्यावर, कधी स्टँडवर, कधी भिंतीतल्या ट्रेवर.
मुक्या तारा टकटक करत तिच्या मागे निघाल्या,
रस्ता माहीत नसल्यासारख्या.
गाणारा माइकशिवाय गात होता,
शब्द विसरून, नुसत्या श्वासाने.
जिन्यात तांबट येऊन उभे, हातात पाना.
"ही कुठली गाडी?"
मी तोंड उघडलं, तोवर
लाइट आली. घूं आली.
पोरं ओशाळून हसली.
"सॉरी काका, पहिल्यापासून घेतो."
घेतलंही. तेच. स्वच्छ.

वहीत त्या तासाचे
मी दोनशे सत्तर लिहिले.